कमान की पत्र्याचं शेड?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘विद्यार्थ्यांनी गावासाठी बनवलेली स्वस्त आणि पर्यावरणपूरक साधनं’. विषय एवढा लांब की पत्रिकेत त्याला दोन ओळी लागल्या आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. मागच्या बाकावरून आत्ताच आवाज आला, “आटोप रे भो, वरणबट्टी निवतेय.” चाळीस वर्षांत मागचा बाक काही सुधारला नाही, हे बघून बरं वाटलं.

आपल्याला आठवीत कार्यानुभवाचा तास होता, आठवतो का? कागदाची फुलं, पाकिटं, अगरबत्ती, मेणबत्ती आणि खडू. फुलं वर्गाच्या कपाटात धूळ खात पडली. अगरबत्तीला वास नव्हता. पण खडूची गोष्ट वेगळी होती. साच्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा घोळ ओतायचा, वाळला की काढायचा. तो खडू दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सरांच्या हातात जायचा. सर आज समोर बसलेत. त्यांनी पहिलाच खडू फळ्यावर टेकवला आणि म्हणाले, “हा लिहीत नाही, घसरतो.” तेल जास्त झालं होतं. पुढच्या आठवड्यात आपण फडक्याने नुसतं पुसून घेतलं आणि खडू लिहायला लागला. वर्षभरात केलेल्या सगळ्या वस्तूंपैकी ही एकच वस्तू अशी होती, जिला खरं गिऱ्हाईक होतं. म्हणून तेवढीच सुधारली. बाकीच्या वस्तूंना दहापैकी आठ गुण मिळाले आणि त्या तिथेच संपल्या.

पुढे मी पिंपरी-चिंचवडला कारखान्यात लागलो. तिथे असताना, किल्लारीच्या भूकंपानंतर, घुमटाच्या आकाराची घरं बांधायचं एक तंत्र कानावर आलं. त्याला पाबळ डोम म्हणत. पाबळ म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं कोरडं गाव. सुट्टीच्या दिवशी मी बघायला गेलो. तिथे विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. माणूस अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून आलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. ते सगळं सोडून ते पाबळला येऊन राहिले. त्यांचा प्रश्न साधा होता. खेड्यातली मुलं शाळा सोडतात, नापास होतात, ती खरंच कमी अकलेची असतात का? घरी तोच मुलगा मोटर दुरुस्त करतो, गाईचं बाळंतपण करतो, विहिरीत उतरतो. मग वर्गात तो मठ्ठ कसा होतो?

त्यांनी काढलेला मार्ग आजही चालू आहे. शाळा सोडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम. आणि चालू शाळांसाठी आठवी ते दहावीला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ नावाचा विषय. आठवड्यातला एक दिवस मुलं हातानं काम करतात. वेल्डिंग आणि सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य, असे चार भाग. एसएससी बोर्डाने त्याला मान्यता दिलेली आहे. म्हणजे हा शाळेबाहेरचा छंद नाही, गुणपत्रिकेवर येणारा विषय आहे.

मला तिथलं सगळ्यात आवडलं ते पुढचं. मुलं जे शिकतात ते गावाची कामं घेऊन शिकतात. शाळेला बाकं हवीत, ग्रामपंचायतीला फाटक हवं, कुणाला घरात वायरिंग हवं, ते काम मुलांना द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. फुकट नाही. पैसे दिले की माणूस तक्रार करतो आणि तक्रार आली की शिक्षण सुरू होतं. आपल्या खडूचंच तत्त्व. भूगर्भातलं पाणी शोधायचं, जमिनीचा विद्युत रोध मोजणारं स्वस्त यंत्रही तिथे तयार झालं आणि दहावी नापास पोरं ते घेऊन शेतकऱ्यांच्या शिवारात जाऊन मोजणी करू लागली. जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनवला, त्याचं नाव मेकबुल. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब सुरू केल्या, त्यातली एक या पाबळला आली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र यंत्राने कापून, छापून वस्तू करायची कार्यशाळा. पुण्या-मुंबईला नाही, पाबळला. कलबाग सर २००३ साली गेले, पण आश्रम चालू आहे.

हे सगळं वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी नई तालीमच्या रूपात मांडलंच होतं, असं आपले इतिहासाचे सर म्हणतील. बरोबर आहे. पण टकळी आणि सूत यांच्यापुढे आपण ती गाडी नेली नाही, हेही तितकंच खरं.

आता आपल्याकडे येतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी लोणखेड्याला परत आलो. तालुक्यातल्या एका शाळेनं शनिवारी अर्धा दिवस मला दिला. नाव सांगत नाही, मुख्याध्यापकांनी तशी अट घातली आहे. आठवी-नववीची चोवीस मुलं-मुली. पहिल्या शनिवारी मी त्यांना काहीच शिकवलं नाही. वही घ्या आणि गावात फिरून ‘कशानं डोळे झोंबतात, कशानं पाठ दुखते, काय फुकट जातं’ एवढंच लिहून आणा, असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात वह्या आल्या. चोवीसपैकी सतरा वह्यांत एक शब्द होता, पाचट.

तुम्हाला ते सांगायला नको. सातपुडा तापी परिसर कारखाना पुरुषोत्तमनगरला उभा राहिला, पी. के. अण्णांच्या काळात, आणि शहादा तालुक्याचं शिवार बदललं. ऊस तुटला की रानात पाचट उरते आणि संध्याकाळी काडी लागते. रात्रभर धूर. सकाळी अंगणात काळी राख. आपल्याला लहानपणी त्याची मजा वाटायची. आता ज्याच्या घरात दम्याचा माणूस आहे, त्याला विचारा.

यावर उत्तर मी शोधलेलं नाही, ते तयारच होतं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाची ‘आरती’ ही संस्था १९९६ साली काढली. कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव, पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी पाचटापासून कोळसा करायची भट्टी बसवली. त्याबद्दल लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार २००२ साली मिळाला. चार वर्षांनी खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी पुन्हा मिळाला. एकाच संस्थेला दोनदा.

तत्त्व असं आहे. पाचट उघड्यावर जाळली तर राख होते, हवा न देता तापवली तर कोळसा होतो. पत्र्याच्या डब्यात पाचट ठासून भरायची, डबा भट्टीत उलटा ठेवायचा आणि खाली थोडी पाचट पेटवायची. डबा तापला की आतून वायू निघतो, तो खालून बाहेर येऊन स्वतःच पेट घेतो आणि मग डबा स्वतःच्याच वायूवर तापत राहतो. सुरुवातीची काडी तेवढी आपली. थंड झाल्यावर आत काळी भुकटी. ती पिठाच्या खळीत कालवायची, दाबून कांड्या पाडायच्या, उन्हात वाळवायच्या. याला कांडी कोळसा म्हणतात.

आमच्या मुलांनी ही भट्टी भंगारातल्या ड्रमची आणि विटांची केली. वेल्डिंगला स्टँडजवळचा एक कारागीर यायचा, चौथी शिकलेला. पण अँगल कापताना त्याची नजर मी अभियंता असून मला नाही. कांड्या पाडायला यंत्र आणायचं तर पैसे नव्हते. एका मुलीनं घरून जुना पितळी सोऱ्या आणला, शेवेचा. “काकू रागावतील ना?” म्हटलं, तर म्हणाली, “आजीनेच दिलाय, म्हणाली कुरडया सगळ्यांनी खाल्ल्या, आता कोळसा खा.” सोऱ्याच्या जाळीला एकच मोठं भोक पाडलं आणि काम झालं. दहा किलो सुक्या पाचटातून दोन-सव्वादोन किलो भुकटी मिळायची. पहिल्या दिवशी मुलांची तोंडं उतरली, एवढंसंच? मग त्यांना हिशेब करायला लावला की एका एकरात पाचट किती आणि ती आज किती रुपयांना जाते. शून्य रुपयांना.

सगळ्यात जास्त कामाची ठरली ती दोन भावंडं, ज्यांचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. एरवी वर्गात दोघंही मान खाली घालून बसायची. पाचट कोणती ठसकन मोडते, कोणती दमट आहे, मोळी कशी बांधली की डब्यात दुप्पट बसते, हे त्यांना माहीत होतं. चौथ्या शनिवारी बाकीची पोरं त्यांना विचारून काम करायला लागली. मला विचारणं बंद झालं, याचा मला फार आनंद झाला.

मग गिऱ्हाईक. आधी इस्त्रीवाल्याकडे गेलो, कारण तो कोळसा विकत घेतो. त्याने कांड्या इस्त्रीत घातल्या आणि अर्ध्या तासात परत दिल्या. “राख जास्त, कपड्यावर उडते. आणि आच मऊ आहे.” मुलांनी खळ कमी करून पाहिली, जास्त दाबून पाहिलं. राख थोडी कमी झाली, पण पाचटातच माती असते, तिचं काय करणार? इस्त्रीवाला काही पटला नाही. चहाच्या टपरीवाला पटला. त्याला मऊ आच हवीच होती, दूध लागत नाही. आज एक टपरी नियमित घेते, दुसरी अधूनमधून. एवढाच व्यवसाय आहे आणि मी तो मोठा करून सांगणार नाही.

एक गोष्ट शेतकरी मित्रांना सांगायलाच हवी. पाचटाचं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे तुमचंच रान. सरीत पसरून कुजवली तर ओल धरते आणि जमिनीचा कस वाढतो. कृषी विद्यापीठंही तेच सांगतात. कोळसा करायचा तो जी पाचट नाहीतर जाळलीच जाणार आहे तिचा. वर्गातल्या एका मुलानं हे घरी सांगितलं आणि त्याच्या वडिलांनी यंदा खोडवा पाचटासकट राखला. म्हणजे त्या घरातून आमचा कच्चा माल गेला! पण गुण द्यायचे झाले तर मी त्याला सगळ्यात जास्त देईन.

आता जरा उलट बाजू. चांगल्या हेतूनं केलेली वस्तू वाया कशी जाते, याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण म्हणजे सुधारित चुली. १९८० च्या दशकात सुरू झालेला तो राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पर्यंत चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. आपल्याही गल्लीत होत्या, सिमेंटच्या नळीच्या. किती टिकल्या? आमच्या घरची दोन पावसाळ्यांत फुटली आणि आईने तिच्या जागी पुन्हा मातीची चूल घातली. बाईंना विचारा, त्या सांगतील कारण. आपल्याकडे भाकरीचा तवा मोठा, लाकूड जाड, परहाटीची काडी लांब. चुलीचं तोंड मात्र लहान. धुरांड्यात काजळी साठली की साफ कोण करणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. चूल ज्यांनी आखली त्यांनी तिच्यावर भाकरी भाजली नव्हती. म्हणून आमच्या शनिवारच्या वर्गात एक नियम आहे. वस्तू जिच्यासाठी, तिला पहिल्या चित्रापासून समोर बसवायचं. नुसतं ‘आवडलं का’ विचारायचं नाही. तिच्या हातात द्यायची आणि गप्प बसून बघायचं.

दुसरी वस्तू भाजीवाल्या मावशींसाठी केली, ती पटकन सांगतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये चार बोटांची फट, फटीत वाळू, वाळूवर पाणी, वर गवताचं झाकण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार झाला आणि तो शेतीच्या पुस्तकांत कधीचा आहे. माठ कसा गार होतो, तेच मोठ्या मापात. एक लिटर पाणी सुकताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणजे विजेच्या युनिटच्या दोन-तृतीयांश. शाळेच्या विज्ञानात हे गणित आहेच. मेथी-कोथिंबीर एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या दिवशीही विकण्याजोगी राहते. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा मात्र त्याचा काही उपयोग नाही. मुलांनी त्यावर खडूनं लिहून ठेवलंय, ‘जून ते सप्टेंबर सुट्टी’.

आणि आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट, जी आपल्यातल्या फार जणांना माहीत नाही. धडगाव तालुक्यात नर्मदेच्या खोऱ्यात बिलगाव आहे. तिथल्या ओढ्याच्या धबधब्यावर २००३ च्या जानेवारीत १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. केरळातून आलेल्या तरुण अभियंत्यांनी आखणी केली, बंधारा गावाने श्रमदानानं बांधला. पाड्यांवर दिवे लागले. २००६ साली सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि तो बुडाला. मी हे दुःख उगाळायला सांगत नाही. डोंगरातल्या लोकांनी टर्बाईन बसवलं, चालवलं, दुरुस्त केलं, आणि आपण सपाटीवरचे शिकलेले लोक अजून शाळेच्या पंख्याचं कपॅसिटर बदलायला शहाद्याहून माणूस बोलावतो.

आता मुद्द्यावर येतो, कारण सूत्रसंचालक घड्याळ दाखवतायत. आपल्या बॅचच्या गटावर गेले चार महिने निधीची चर्चा चालू आहे. बहुमत शाळेच्या दाराशी स्वागत कमान बांधायच्या बाजूनं आहे. ग्रॅनाइटची पाटी, त्यावर आपल्या बॅचचं नाव. माझ्या मित्रांनो, माझा त्याला विरोध आहे आणि तो मी पाठीमागे नाही, इथे सगळ्यांसमोर बोलतोय.

त्याच पैशात मैदानाच्या पश्चिमेला पत्र्याचं शेड होतं. त्यात एक वेल्डिंग मशिन, एक ग्राइंडर, उभं ड्रिल, सुताराची हत्यारं, वीज शिकायचा एक फळा, चष्मे, हातमोजे आणि आग विझवायचं सिलिंडर. शेवटच्या तीन वस्तू आधी घ्यायच्या. मूलभूत तंत्रज्ञान हा विषय सुरू करायला शाळेला अर्ज करावा लागेल, तो मी तयार करून देतो. शिकवायला गावातलेच कारागीर बोलवायचे, त्यांना मानधन द्यायचं. आणि आपलं लोणखेडं म्हणजे काही ओसाड गाव नाही. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच आहे. तिथल्या पोरांना शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागतोच. दरवर्षी दोन जणांनी शेडमध्ये येऊन आपल्या मुलांनी शोधलेला एक प्रश्न घेतला, तरी पुरे.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, “आम्ही पोरं वेल्डर करायला शाळेत घातली का?” हा आक्षेप घेणाऱ्यांत स्वतः वेल्डिंगवर बंगला बांधलेला आपला एक वर्गमित्र आहे, तो आत्ता हसतोय. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो आपल्या मुख्याध्यापिका बाईंनी काल मला फोनवर सांगितला. दहावीचा निकाल खाली आला तर पालक मलाच धरतील. बाई, त्याची हमी मी देऊ शकत नाही. माझ्या चोवीस मुलांबद्दल एवढंच सांगतो की शनिवारची हजेरी आठवड्यात सगळ्यात जास्त आहे, आणि ती ऊसतोडीची दोन भावंडं यंदा मुकादमाबरोबर गेली नाहीत, आजीकडे राहिली. त्यांच्या वडिलांशी बोलायला तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्या वेळी पोरगीच बोलली. ती म्हणाली, “भट्टी मला येते, मी गेले तर कोण लावणार?”

जेवणानंतर चार वाजता ग्रंथालयात बॅचची बैठक आहे, कमानीचा निर्णय तिथे व्हायचा आहे. शेडचा आराखडा आणि हत्यारांची यादी मी टेबलावर ठेवली आहे. शेजारी टोपलीत कांड्या आहेत, एक-एक घरी न्या, पेटवून बघा आणि काय वाटलं ते मुलांना लिहून कळवा. पोस्टकार्डं टोपलीतच आहेत, पत्ता मुलांनी आधीच लिहिलाय. इस्त्रीत घालू नका.